अस्तित्वात नसलेल्या पत्त्याच्या अर्ध्या गुणाबाबत

प्रति,
मा. मूल्यमापन नियंत्रक साहेब,
शालान्त इंग्रजी विषय परीक्षण कक्ष,
खाडीपूर्व विभाग, नवीन पनवेल.

अर्जदार : काशिराम चांगू भोईर, सेवानिवृत्त आवक-जावक लिपिक, खारभूमी खाते.
पत्ता : अर्जाच्या शेवटी दिला आहे. आधी दिला असता तर अर्ज पुढे वाचला गेला नसता.

विषय : दहावीच्या इंग्रजी उत्तरपत्रिका तपासण्याच्या पद्धतीत सुधारणा होणेबाबत, आणि ती होईपर्यंत कु. मोनाली शैलेश भोईर हिचा पत्त्याचा अर्धा गुण तिला परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) सदर उमेदवाराच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत.
२) आपल्या कार्यालयाचे पत्र, खिडकीवर हातोहात दिलेले. त्यावर जावक क्रमांक नाही.
३) खिडकी क्रमांक तीनवर मिळालेला तोंडी सल्ला.

महोदय,

अर्जदाराने उभी नोकरी दुसऱ्यांचे अर्ज आवक करण्यात आणि त्यांची उत्तरे जावक करण्यात काढली. आवक भरपूर असे, जावक बेताची. त्यामुळे अर्ज कसा असावा हे त्यास ठाऊक आहे. विषय एक असावा, मजकूर एका पानात बसावा आणि अर्जदाराने चिडू नये. सदर अर्जात पहिली अट जवळपास पाळली आहे. दुसरी पाळता आलेली नाही. तिसरी आठव्या परिच्छेदापर्यंत पाळली आहे, त्यापुढचे साहेबांनी सांभाळून घ्यावे.

१. कु. मोनाली ही अर्जदाराची नात. यंदा दहावीला बसली. बाकी सर्व विषयांत पास झाली. गणितातसुद्धा, ज्याची घरात कोणी आशा धरली नव्हती. इंग्रजीत मात्र तिला चौतीस गुण पडले, आणि पास व्हायला पस्तीस लागतात. पत्रलेखनाच्या प्रश्नात पत्त्याला अर्धा गुण असतो, तो तिला मिळालेला नाही. तो मिळाला तर साडेचौतीस होतात, आणि अर्ध्याचा पूर्ण धरण्याचा आपल्याकडे नियम असल्याने पस्तीस होतात. थोडक्यात, अर्जदार मागतो आहे अर्धा आणि पदरात पडणार आहे एक. ही गोष्ट तो लपवून ठेवत नाही.

२. एवढ्याशा गुणासाठी एवढा अर्ज कशाला, असे साहेबांना वाटेल. खिडकीवरही तसेच वाटले. "पुरवणीला बसवा की काका, जुलै काय लांब आहे?" असे सुचवण्यात आले. अडचण अशी की उलव्यात एका संस्थेने विमानतळावरील प्रवासी सेवेचा अभ्यासक्रम काढला आहे. त्यात प्रकल्पग्रस्तांच्या मुलामुलींसाठी काही जागा राखून ठेवल्या आहेत आणि त्यांतली एक मोनालीच्या नावावर आहे. अट एकच : इंग्रजी पहिल्याच फेरीत आणि सवलतीच्या गुणांशिवाय पास. मुदत महिनाअखेरीपर्यंत. पुरवणीचा निकाल लागेपर्यंत तिच्या जागेवर दुसरी कोणी गणवेश घालून, हसून, प्रवाशांना इंग्रजीतून रस्ता दाखवत उभी असेल. जिच्यावर ती उभी असेल ती जमीन मात्र भोईरांचीच असेल.

३. आता प्रश्नाकडे. प्रश्न असा होता : 'सुट्टीत आपल्या गावी राहायला येण्याचे निमंत्रण देणारे पत्र मैत्रिणीस लिहा.' लिहिणारीचे नाव प्रश्नपत्रिकेनेच दिले होते, स्नेहा. म्हणजे मोनालीने स्वतःचे नाव कुठेही लिहिलेले नाही. ही बाब पुढे उपयोगी पडणार असल्याने आताच नोंदवली आहे. पानाच्या वरच्या कोपऱ्यात तिने पत्ता लिहिला : खाजणवाडी, तालुका पनवेल. परीक्षकांनी त्यावर लाल पेनाने आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिले, 'नो सच प्लेस'. म्हणजे, असे ठिकाण नाही.

खाजणवाडी आहे की नाही, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. खाडीच्या काठाला, उलव्याच्या अंगाला हे गाव होते. त्यात एक गावदेवी, एक व्यायामशाळा, क्रिकेटचे तीन संघ आणि अर्जदाराचे घर होते. नवीन विमानतळासाठी ते रीतसर उठले. माणसे वसाहतीत आली, देवी वसाहतीत आली, क्रिकेटचे संघ आपसांत भांडून पाच झाले. गावाच्या जागी आता धावपट्टी आहे. अर्जदाराचा मुलगा, म्हणजे मोनालीचा बाप शैलेश, विमानतळावरच कामाला आहे. त्याच्या अंदाजाने विमान उतरते तेव्हा त्याचे मागचे चाक बरोबर आमच्या ओटीवर टेकते.

वसाहतीचा पत्ता का लिहिला नाहीस, असे अर्जदाराने मोनालीस विचारले. ती म्हणाली, "प्रश्नात गाव होतं ना आबा. सेक्टरला सुट्टीत कोण बोलावतं?"

४. छायाप्रत घरी आली त्या संध्याकाळी अर्जदाराची पत्नी ठमाबाई म्हणाली, "काय लिवलंय पोरीनं, जरा वाचा तरी." अर्जदाराने मराठी करून वाचले. साहेबांच्या अवलोकनार्थ ते येथे देत आहे :

'प्रिय रुमाना, सुट्टीत माझ्या गावी ये. माझे गाव खाडीजवळ आहे. माझी आजी जिथे मासळी सुकवायची तिथे आता विमान उभे असते. आमच्या घरावर रोज विमान उतरते, पण घराला काही होत नाही, कारण घर नाही. आमच्या शाळेचे मैदान आता खूप मोठे झाले आहे, पण खेळू देत नाहीत. रात्री पूर्वी खूप काळोख असायचा, आता खूप दिवे असतात, ते आमच्यासाठी नाहीत पण दिसतात. येताना चांगले बूट घाल. माझे गाव आता तिथे नाही. नक्की ये.'

शेवटची दोन वाक्ये मूळ इंग्रजीत अशी आहेत : 'माय व्हिलेज इज नॉट देअर नाऊ. प्लीज कम.' त्यांच्याखाली परीक्षकांनी लिहिले आहे, 'इरेलेव्हंट'.

वाचून झाल्यावर ठमाबाईने कागद आपल्याकडे ओढून घेतला. मग कोपऱ्यातल्या लाल अक्षरांवर बोट ठेवून तिने विचारले, "आणि यो काय लिवलाय?" अर्जदाराने सांगितले. "गाव नाय म्हन्तंय? मंग मी एवढी वर्सं मासली कुठं सुकवली, आभालात?" सध्याच्या परिस्थितीत हा प्रश्न अगदीच गैरलागू नाही, कारण त्या जागी हल्ली जे काही येते ते आभाळातूनच येते.

५. आता साहेबांनी कृपा करून पत्राच्या दुसऱ्या ओळीकडे पाहावे. मोनालीने लिहिले आहे, 'माय व्हिलेज इज निअर द क्रीक.' परीक्षकांनी त्यातला 'इज' खोडला, वर 'वॉज' लिहिले आणि काळ चुकला म्हणून तिथेही अर्धा गुण कापला. अर्जदाराचे इंग्रजी खात्याच्या कामापुरते आहे. तथापि जे कधी नव्हतेच त्याला 'वॉज' लागत नाही, एवढे त्यास कळते. 'वॉज' लागायला आधी कधीतरी 'इज' असावे लागते. म्हणजे परीक्षकांनी वरच्या कोपऱ्यात गाव नाही म्हणून अर्धा गुण कापला, आणि दोन बोटे खाली येऊन गाव होते म्हणून अर्धा गुण कापला. दोन्ही एकाच पेनाने.

काळाचा अर्धा गुण गेला तो जाऊ द्या. काळाने आमचे बरेच नेले आहे, त्यात अर्ध्याची भर. मोनालीला मात्र तेही पटत नाही. "माझ्यासाठी इजच आहे," असे ती म्हणते. व्याकरणात तशी सोय नसल्याने अर्जदाराने तिची समजूत घातली आहे. पण पत्त्याच्या अर्ध्या गुणाबाबत तिची समजूत घालणे त्यास जमलेले नाही, आणि खरे सांगायचे तर त्याची स्वतःचीही पटलेली नाही.

६. परीक्षक बिचारे काय करणार? त्यांच्यापुढे गठ्ठा, गठ्ठ्यावर आदर्श उत्तर. हे आदर्श उत्तर अर्जदाराने खिडकीवर उभ्या उभ्या वाचले आहे. त्यातल्या गावाचे नाव रामपूर. तिथे नदी आहे, आमराई आहे, बैलगाडी आहे, शुद्ध हवा आहे आणि आजीच्या हातचे गरम जेवण आहे. बाजारात मिळणाऱ्या गाइडातही तेच रामपूर आहे. सबब विभागातली झाडून सगळी मुले दरवर्षी आपल्या मित्रमैत्रिणींना रामपूरलाच बोलावतात. ही निमंत्रणे कोणी मनावर घेतली, तर मे महिन्यात त्या एका आजीची काय अवस्था होईल याचा विचार आपल्या कार्यालयाने केलेला दिसत नाही.

जिला मोनालीने बोलावले ती रुमाना ही खरीच मुलगी आहे. पनवेलच्या मोहल्ल्यात राहते, वडील आखातात नोकरीला. दोघी शाळेत एकाच बाकावर. निकालानंतर ती पेढे घेऊन आली तेव्हा अर्जदाराने तिला विचारले, बाई, तू कुठे बोलावलेस? "रामपूरला, आबा. आणि कुठे?" ती म्हणाली. "माझ्या खऱ्या गावात बैल पण नाही आणि नदी पण नाही. खरं लिहून कशाला डोक्याला ताप? गाइडचं लिहिलं की मार्क पक्के. मी हिला किती वेळा समजावलं, पण ही ऐकेल तर कसम!" रुमानास पत्रात पैकीच्या पैकी गुण आहेत. त्याच वर्गातला विश्वजीत खारघरच्या टॉवरमध्ये राहतो. त्याने पत्ता लिहिला, 'एबीसी सोसायटी, एक्सवायझेड रोड'. त्यासही अर्धा गुण मिळाला. अर्जदाराने खारघर पुष्कळ पाहिले आहे. तिथे नावे काहीही असतात, पण एक्सवायझेड रोड नाही.

७. यावर विचारणा केली असता संदर्भ दोनचे पत्र हाती आले. त्यात म्हटले आहे की नियमानुसार कोणताही काल्पनिक पत्ता ग्राह्य आहे, परंतु सदर पत्ता 'अस्तित्वात नसलेला' असल्याने ग्राह्य नाही. अर्जदाराने हे पत्र दोनदा वाचले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले आणि खुलाशासाठी खिडकी क्रमांक तीनवर गेला. तिथल्या पद्मजा मॅडम स्वभावाने चांगल्या आहेत. त्यांनी खुर्चीतून वाकून, हळू आवाजात समजावले. ते संभाषण आठवते तसे देत आहे, त्यावरून त्यांच्यावर कारवाई होऊ नये अशी विनंती.

"काका, काल्पनिक चालतं. अस्तित्वात नसलेलं चालत नाही."

"दोन्हींत फरक काय, मॅडम?"

"काल्पनिक म्हणजे कुणीतरी बनवलेलं. तुमचं काय कुणी बनवलेलं नाही ना?"

"बनवलेलंच आहे. माझ्या पणजोबांनी. खाडीला बांध घालून."

"अहो म्हणजे खरं?"

"खरंच."

इथे मॅडमनी आजूबाजूला पाहिले. "खरं म्हणू नका हो काका! खरा पत्ता लिहिला म्हणजे उमेदवाराने ओळख उघड केली. मग अर्धा कुठला, अख्खा पेपर रद्द होईल. आत्ता निदान चौतीस तरी आहेत."

उमेदवाराने नाव स्नेहा लिहिले आहे आणि खाजणवाडीत स्नेहा नावाची मुलगी कधीच नव्हती, हे अर्जदाराने तिथल्या तिथे सांगितले. मॅडमना ते पटले. पण त्यांना पटून उपयोग नाही, हेही त्यांनीच सांगितले.

तेव्हा साहेब, कायद्याची स्थिती अर्जदारास समजली ती अशी. गाव खोटे असेल तर अर्धा गुण मिळतो. गाव खरे असेल तर पेपर जातो. आणि गाव आधी खरे असून मग नाहीसे झाले असेल तर अर्धा गुण जातो. म्हणजे खाजणवाडीने एकतर कधी व्हायलाच नको होते, किंवा झाल्यावर जायला नको होते. दोन्ही बाबी मोनालीच्या हाती नव्हत्या. ती गाव उठले तेव्हा तिसरीत होती.

८. मॅडमनी जाता जाता एक वाटही दाखवली. तोच संदर्भ तीन. "एक करा. पालक म्हणून लिहून द्या की खाजणवाडी हे नाव उमेदवाराने कल्पनेने घातलं, असं गाव कधी नव्हतं. खाली सही. अर्धा गुण आजच्या आज लावून देते. पेढे आणा मात्र."

अर्जदार घरी आला. जेवणानंतर त्याने पाट घेतला, कागद घेतला आणि लिहिले : 'खाजणवाडी या नावाचे कोणतेही गाव पनवेल तालुक्यात कधीही नव्हते व आजमितीस नाही, हे मी शुद्धीवर राहून लिहून देत आहे.' लिहिताना हात अडखळला नाही. नोकरीची सवय. वाचताना अर्जदार अडखळला.

घरात कोणी अडवील असे त्यास वाटले होते. तसे झाले नाही. शैलेश म्हणाला, "बाबा, टाका सही. मी रोज तिथंच असतो. मला विचारा, आहे का गाव?" ठमाबाई तर याहून पुढे गेली. "करा सही. पोरीचं भलं व्हतंय ना? गाव काय उठून बोलनार हाय का तुमाला, का रं माझं नाव खोडलंस म्हनून?" अर्जदाराने पेनाचे टोपण काढले.

मोनाली दारात उभी होती. तिने विचारले, "आबा, माझी सीट कुठल्या कोट्यातली आहे?"

प्रकल्पग्रस्ताच्या, असे अर्जदार म्हणाला.

"दाखल्यावर गाव कुठलं आहे?"

सगळ्यांना माहीत होते.

"गावच नव्हतं, तर आपण कशाने ग्रस्त?" ती म्हणाली. "आणि समजा, तो दाखला कुणी काढून बघितलाच नाही. पास होईन मी. पण पास होऊन राहीन कुठली? रामपूरची?"

मग तिने तो कागद उचलला, दप्तरातले लाल पेन काढले आणि आपल्या परीक्षकांप्रमाणेच, अजिबात न रागावता, तपासला. 'कधीही नव्हते' यावर आडवी रेघ मारली. सहीच्या मोकळ्या जागेशेजारी लिहिले, 'नो सच आबा'. खाली शून्य गुण दिले. ठमाबाईने विचारले, "आता काय लिवलंन तिनं?" अर्जदाराने नोकरीत साहेबांची पुष्कळ टिपणे मोठ्याने वाचून दाखवली आहेत. हे एक त्यास वाचता आले नाही.

सबब तो कागद सहीविना सोबत जोडला आहे.

९. येथून पुढे अर्जदार चिडला आहे, त्याची कृपया नोंद घ्यावी.

सहीची वाट बंद झाल्यावर त्याने सरळ वाट धरली, म्हणजे गाव होते याचा दाखला मिळवायचा. असा दाखला ग्रामपंचायत देते. ग्रामपंचायत गावाबरोबर उठली. तिचे दप्तर ज्या कार्यालयात गेले तिथे सांगण्यात आले की आधी गाव होते असा पुरावा आणा, मग गाव होते असा दाखला देऊ. प्रकल्पग्रस्ताचा दाखला पुढे केला, तर तो माणसाचा आहे, गावाचा नाही, असे उत्तर आले. अर्जदाराने विचारले, दुसरा पुरावा असता तर दाखला कशाला मागितला असता? यावर समोरच्या गृहस्थांनी दोन्ही हात वर केले. शेवटी अर्जदार विमानतळाच्या फाटकावर गेला. निदान जागा तरी डोळ्यांनी पाहून यावी, एवढाच हेतू. पहारेकरी तरुण होता, सभ्य होता.

"कुणाकडे जायचंय काका?"

"घरी."

"पास आहे?"

अर्जदार परत आला.

शैलेशकडे पास आहे. त्याचे काम साहेबांना सांगितले पाहिजे. धावपट्टीवर बगळे येतात. पूर्वी तिथे आमची भातखाचरे होती, तलाव होते, कोळंबी होती. त्या आठवणीने येतात. विमानाला त्यांचा धोका असतो. तेव्हा गाडी फिरवून, भोंगा वाजवून बगळ्यांना हाकलायचे, हे शैलेशचे काम, आणि त्याचा त्यास पगार मिळतो. बगळेसुद्धा, साहेब, अजून जुन्याच पत्त्यावर येतात. त्यांना हाकलायला माणूस ठेवावा लागतो. कोणी कोपऱ्यात 'असे ठिकाण नाही' लिहून मोकळे होत नाही. बगळ्यांना जे मिळते ते दहावीच्या मुलीला मिळू नये, याचे अर्जदारास राहून राहून वाईट वाटते.

१०. उपरोक्त परिस्थितीत तपासणीच्या पद्धतीत सुधारणा सुचवण्याचे धाडस अर्जदार करीत आहे. ज्या नियमात 'कोणताही काल्पनिक पत्ता ग्राह्य' असे लिहिले आहे, त्यात 'तसेच खराही' एवढे दोन शब्द वाढवावेत. जागा आहे, अर्जदाराने पाहिली आहे. पत्राचा पत्ता तपासण्याआधी परीक्षकांनी पत्र वाचावे. परीक्षकांना स्वतःला एखादी गोष्ट ठाऊक नसेल तेव्हा 'असे नाही' ऐवजी 'मला माहीत नाही' असे लिहिण्याची मुभा द्यावी, आणि तसे लिहिल्याबद्दल त्यांचे मानधन कापू नये. आणि एखाद्या मुलीने गाइडात नाही असे एखादे वाक्य स्वतःच्या इंग्रजीत, चुकतमाकत का होईना, खरे लिहिले, तर त्याखाली 'इरेलेव्हंट' लिहिण्याआधी परीक्षकांनी उठून पाणी प्यावे व पुन्हा वाचावे. अर्जदार याहून मोठी सुधारणा मागत नाही. पाणी कार्यालयात असते.

स्थळपाहणीस साहेबांनी स्वतः यावे, अशीही विनंती आहे. कधी येता ते कळवावे, अर्जदार फाटकापर्यंत सोबत येईल. पुढे पास लागतो. आमचे गाव आता तिथे नाही. नक्की यावे. निमंत्रण याहून बरे लिहिता आले असते तर अर्जदाराने लिहिले असते.

राहता राहिला अर्धा गुण. त्याचा निकाल लावण्यासाठी अर्जदाराने एक सोपी पद्धत शोधली आहे. उत्तरासाठी तिकीट लावलेले पाकीट सोबत आहे. त्यावर पत्ता मोनालीने इंग्रजीत लिहिला आहे, परीक्षेत लिहिला होता तोच, स्वल्पविरामासकट. वर फक्त अर्जदाराचे नाव. आपल्याकडची उत्तरे आजवर खिडकीतून हातोहात मिळाली, तेव्हा याची परीक्षा झालेली नाही. यावेळचे उत्तर तेवढे टपालाने पाठवावे. आमच्या वसाहतीत दमयंती नावाच्या पोस्टवुमन बटवडा करतात. त्यांनी आदर्श उत्तर वाचलेले नाही. खाजणवाडीच्या नावाने अजून लग्नपत्रिका येतात, विम्याच्या नोटिसा येतात, एकदा तर परदेशातून चुकून कुणाचा तरी वाढदिवस आला. दमयंतीबाई सायकल भिंतीला टेकवतात, "खाजणवाडी ना? घ्या, तुमचंच," म्हणतात आणि पुढे जातात.

पाकीट अर्जदाराच्या हाती पडले, तर असे ठिकाण आहे असे समजून मोनालीस अर्धा गुण द्यावा. न पडल्यास आपल्या परीक्षकांचे म्हणणे अर्जदारास मान्य राहील आणि तो पुन्हा खिडकीवर येणार नाही. उत्तर नकाराचे असले तरी हरकत नाही. नकार पोचला तरी पुरे आहे.

मुदत महिनाअखेरीपर्यंत आहे, याची पुन्हा एकदा आठवण.

आपला नम्र आणि अद्याप अस्तित्वात असलेला,

(सही)
काशिराम चांगू भोईर
खाजणवाडी, तालुका पनवेल.

दिनांक : १५ जून २०२६

सोबत :
१) उत्तरपत्रिकेची छायाप्रत. लाल शाई परीक्षकांची.
२) खाजणवाडी कधीही नव्हती असे सांगणारा कागद, सहीविना. लाल शाई मोनालीची.
३) प्रकल्पग्रस्त असल्याचा दाखला, ज्यात गावाचे नाव शिक्क्यासह आहे. प्रत परत मिळावी.
४) तिकीट लावलेले पाकीट. उघडे आहे, बंद साहेबांनी करावे.